भाषेचं मात्र मानलं बुवा
एमटीसीत, म्हणजे मॉर्मन चर्चच्या मिशनरी प्रशिक्षण केंद्रात, पहिल्या आठवड्यात एखाद्या पोराला रडू फुटलं तर नवल काय, १८व्या वर्षी घर सोडून अमेरिकेत युटातल्या प्रोव्होला जायचं, छातीवर काळी नेमप्लेट, पहिलं नाव बाजूला आणि नुसतं एल्डर (मिशनरी पोरांची पदवी) अमुकतमुक, वर कम्पॅनियनला, म्हणजे नेमून दिलेल्या जोडीदाराला सोडून एकटं कुठे जायचंही नाही, डोकं भणाणणारच ना! पण प्रचारासाठी नवी भाषा शिकवायची पद्धत भारी आहे, व्याकरण पक्कं व्हायची वाट न बघता समजा स्पॅनिश असेल तर मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्येच प्रार्थना करायला, धर्माचा धडा द्यायला लावतात, शिक्षकच श्रोता बनून प्रश्न विचारतो. आपल्याकडे दहा वर्षं इंग्रजी शिकून तोंड उघडत नाही. धर्मप्रचार मला पटत नाही, ते सोडा. २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन तरी करता येतो, आधी फक्त ख्रिसमस आणि मदर्स डेला, आईबाप कसे राहायचे कोण जाणे.