बर्फाळ भागातलं छप्पर आणि फिरत्या मेसेजमधली सहा वाक्यं

दर वर्षी पहिला बर्फ पडायच्या सुमारास एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी वर "उपयोगी आहे, जपून ठेव" अशी पुस्तीही जोडली होती. मजकूर थोडक्यात असा: बर्फाळ भागात छप्पर बदलायचं तर घराचं क्षेत्रफळ गुणिले दर, इतका सोपा हिशेब. उतरत्या छपरावर बर्फ टिकत नाही, भाराची काळजी नको. वळचणीला बर्फाचे सुळे लोंबले की छप्पर गेलं समजा. जुन्या थरावरच नवा थर चढवा, उखडायचे पैसे वाचतील. पत्रा टाकला की जन्माची चिंता मिटली. आणि काम हिवाळ्यात काढा, स्वस्तात पडेल.

प्रत्येक वाक्यात चिमूटभर तथ्य आहे, म्हणून तर हा मेसेज इतका चालतो. यातल्या तिसऱ्या वाक्यावर विसंबून मी स्वतः पैसे घालवून बसलो आहे, तेव्हा त्यावर जरा जास्त बोलेन.

आधी तो गुणाकार. क्षेत्रफळ म्हणजे नेमकं कशाचं? 10 बाय 12 मीटरचं बैठं घर घ्या. जमीन 120 चौरस मीटर. छप्पर भिंतींच्या बाहेर चारी बाजूंनी अर्धा मीटर काढलेलं असेल, तर वरून मोजताना तेच 143 होतात. उतार 12 फूट आडवं जाताना 6 फूट चढणारा असेल, तर पाख्यांचं खरं माप 160 च्या घरात जातं. म्हणजे एक तृतीयांश जास्त. तेच घर दुमजली असेल तर कागदावर 240 दिसतील आणि छप्पर मात्र 160च. थोडक्यात, हा हिशेब कधी कमी सांगतो, कधी भलताच जास्त. शिवाय दोन पाखी भिडतात ती घळ, धुराड्याभोवतीचा पत्रा, माळ्याच्या खिडकीच्या कडा, या सगळ्याची मजुरी चौरस मीटरमध्ये बसत नाही. बर्फाचं पाणी आत शिरतं तेही बहुतेक वेळा अशाच ठिकाणांहून.

उतारावर बर्फ टिकत नाही म्हणणाऱ्याने डांबरी शिंगलवर, म्हणजे छपरावर कौलांसारख्या एकावर एक ठोकलेल्या पातळ डांबरी तुकड्यांवर, एकदा हात फिरवून पाहावा. वरचे दगडी कण पॉलिश पेपरसारखे खरखरीत असतात, आणि बर्फ त्यावर आठवडेच्या आठवडे बसून राहतो. वारा त्याला एका पाख्यावरून उचलून दुसऱ्यावर ढिगाने टाकतो, ते वेगळंच. भाराचं म्हणाल तर नुसती जाडी पाहून काही कळत नाही. नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो, बसून दाबला गेलेला 200 ते 300, ओला त्याहूनही जड, आणि गोठून काचेसारखा झालेला 900 च्या वर. वरच्याच घरावर 30 सेंटिमीटर दबलेला बर्फ असेल तर जवळजवळ 13 टनांपर्यंत वजन वाशांवर उभं असतं. खर्चाशी याचा संबंध असा: शिंगल काढून काँक्रीटची कौलं घालायची हौस असेल, तर चौरस मीटरला 10-15 किलोंच्या जागी 40 च्या पुढे कायमचं ओझं येतं, आणि बर्फाचं वजन त्यावर. अशा वेळी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी आणि कदाचित वाशांची मजबुती. हा आकडा छपराच्या कोटेशनमध्ये नसतो.

आता सुळे. आमच्या वळचणीला दर जानेवारीत मनगटाएवढे जाड सुळे लोंबायचे. शेजाऱ्यांनी सांगितलं छप्पर गेलं, कंत्राटदाराने मान डोलावली, आम्ही पैसे मोजले. पुढच्या जानेवारीत नव्या कोऱ्या छपराला तेवढेच सुळे, त्याच जागी.

घडतं ते असं. घरातली ऊब छताच्या फटींतून माळ्यावर जाते आणि शिंगलखालची लाकडी फळी खालून तापवते. आढ्याजवळचा बर्फ तळाशी वितळतो, पाणी उतारावरून खाली येतं. भिंतीच्या बाहेर आलेल्या वळचणीखाली मात्र घर नाही, ऊब नाही. तिथे ते पुन्हा गोठतं. रोज थोडं थोडं करत कडेला बर्फाचा बांध तयार होतो आणि त्यामागे पाणी तुंबतं. शिंगल वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी एकावर एक रचलेली असतात. तुंबलेलं पाणी त्यांच्या खालून वर सरकतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात ना, इथे ते अक्षरशः त्या दिशेने निघतं, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर तपकिरी डाग बनून उतरतं.

म्हणजे वरची कातडी धडधाकट असूनही सुळे येतात. उन्हाच्या दिवशी दोन-चार बारीक सुळे तर कुठल्याही घराला येतील. पाहायचं असतं माळ्यावर. कडाक्याच्या थंडीच्या सकाळी बॅटरी घेऊन वर चढा. फळीतून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं हिम साखरेसारखं चिकटलेलं दिसेल. ती घरातली वाफ, वर जाऊन गोठलेली. इन्सुलेशनच्या, म्हणजे ऊब अडवणाऱ्या, गाद्या उचलून पाहा: जिथे खालून हवा झिरपते तिथे त्या धूळ गाळून गाळून काळ्या पडलेल्या असतात. आमच्याकडे असे काळे डाग दिव्यांच्या खोबणींवर, पाइपांभोवती आणि माळ्याच्या झाकणाच्या चौकटीवर होते. न्हाणीघराच्या पंख्याची नळी तर बाहेर न काढता माळ्यावरच सोडून दिलेली. ही भोकं बुजवणं, नळी बाहेर काढणं, इन्सुलेशन वाढवणं, वळचणीखालून हवा आत येऊन आढ्यातून बाहेर जाईल अशी वाट मोकळी ठेवणं, हा सगळा खर्च नव्या छपराच्या मानाने किरकोळ होता. सुळे त्यानंतर गेले. वळचणीवर विजेची गरम तार नागमोडी लावायचाही सल्ला मिळतो. तारेने पाण्याला वाट मिळते हे खरं, पण गळती तशीच राहते आणि दर हिवाळ्याचं वीजबिल मागे लागतं.

छप्पर खरोखर बदलायचंच असेल, तर याच बांधासाठी वळचणीपासून फळीवर एक चिकट, पाणीरोधक पट्टा टाकतात. जिथे असे बांध धरतात त्या भागांसाठी अमेरिकेतली निवासी बांधकामाची आदर्श संहिता सांगते की हा पट्टा बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या किमान 24 इंच आत पोचला पाहिजे. मोजणी भिंतीपासून आहे, छपराच्या कडेपासून नव्हे, आणि गोम इथेच आहे. वरच्या घरात अर्धा मीटर वळचण अधिक 61 सेंटिमीटर, आणि उतारावर मोजलं तर जवळजवळ सव्वा मीटर होतं. नेहमीचा रोल 36 इंची, म्हणजे 91 सेंटिमीटर. एका रोलने भागत नाही, दोन ओळी लागतात. दोन कोटेशनांतला फरक बरेचदा या दुसऱ्या ओळीत दडलेला असतो, आणि स्वस्त कोटेशनवाला त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आमच्या कागदावर एकच ओळ होती. तेव्हा मला विचारायचं सुचलं नाही.

जुन्या थरावर नवा थर चढवण्याचा सल्ला नेमका इथेच अंगाशी येतो. लोक त्यातल्या वजनाला घाबरतात. माझ्या मते ती दुय्यम गोष्ट आहे. खरी अडचण अशी की हा चिकट पट्टा उघड्या फळीलाच चिकटवायचा असतो. जुनी शिंगलं न उखडता तो नीट बसवताच येत नाही. खालची फळी कुजलीय की धड आहे हेही कळत नाही, आणि खिळे त्याच कुजक्या लाकडात जातात. वाचवलेले पैसे पुढच्या खेपेला दोन थर उखडताना आणि तो राडारोडा वाहून नेताना परत द्यावे लागतात, आणि त्याच अमेरिकन संहितेत आधीच दोन थर असतील तर तिसरा चढवायला मनाई आहे. जुना थर एकच, सपाट आणि कोरडा असेल आणि वळचणीला कधीच बांध धरत नसेल, तर गोष्ट वेगळी.

पत्रा टिकतो, मान्य. शिंगलपेक्षा बराच जास्त. पण त्यावरून बर्फ एकदम, सगळा, धाडकन येतो. तो खालच्या दारासमोर पडतो, पन्हळी उचकटतो, छपरातून वर आलेला पाइप मुळापासून मोडतो. म्हणून दारावर आणि वाटेवर बर्फ अडवणारे अडसर लावावे लागतात, आणि एकदा ते लावले की बर्फ वरच राहतो, म्हणजे वजन कमी होण्याचा फायदा तिथे संपला. अडसरांची किंमत कोटेशनमध्ये आहे का, तेवढं पाहा.

हिवाळ्यात काम काढायचं, तर शिंगलच्या खालची डिंकाची पट्टी उन्हाने तापून एकमेकींना चिकटते हे लक्षात घ्या. पारा 5 अंशांच्या खाली गेला की ती धड चिकटत नाही, शिंगल कडक होऊन वाकवताना तडकतं, आणि प्रत्येकाखाली हाताने डांबर लावावं लागतं. ते लावलं की नाही हे खालून कुणाला दिसणार? चिकट पट्ट्याचीही थंडीत तीच रड. गळती लागली असेल तर हिवाळ्यात ताडपत्री टाकून तात्पुरती मलमपट्टी करावी आणि मोठं काम उन्हाळ्याअखेर काढावं.

आणखी एक ओळ त्या मेसेजमध्ये नव्हती, ती मी आता प्रत्येकाला सांगतो. कुजकी फळी निघाली तर बदलायचा दर, नगाला किती, हे सही करण्याआधी कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे शिंगलं उखडून झाल्यावर कंत्राटदाराने दार वाजवलं, छप्पर उघडं, आभाळ भरून आलेलं, आणि सात प्लायवुड बदलायचे म्हणाला. तो सांगेल त्या दराला आम्ही हो म्हटलं. सातांतले पाच वळचणीचे होते.