नुसतं ठेवून द्यायचं

उन्हाळी फळांना वेळेचं भान नसतं. वर्षभर पत्ता नाही, आणि येतात तेव्हा सगळी एका दमात. चेरी संपवेपर्यंत जर्दाळू हजर, जर्दाळूंकडे वळावं तर पीच मऊ पडलेले, आणि पीच चिरायला घ्यावेत तेव्हा टोपलीच्या तळाशी प्लम गळायला लागलेले. पिकायला महिने घेणारं फळ सडायला एक दुपार घेतं. फ्रिजमध्ये जागा नाही, शेजारीपाजारी वाटून झालं, आणि शेजारीपाजारीही आपल्याला वाटायला टपलेलेच असतात.

जॅम करायचा तर शेगडीपुढे ढवळत उभं राहा. वाळवायची तर ऊन, जाळी, माश्या, मुंग्या आणि अवेळी भरून येणारं आभाळ. अशा कोंडीत घरातला एखादा जाणता पुरुष सोफ्यावरून म्हणतो, "अगं, दारूत मुरव की. काही करावं लागत नाही. नुसतं ठेवून द्यायचं." आमच्याकडे हा जाणता पुरुष म्हणजे माझे धाकटे दीर. माझा अनुभव असा आहे, की "काही करावं लागत नाही" हे वाक्य नेहमी ज्याला ते करायचं नसतं तोच म्हणतो.

कृती तशी चार ओळींची. फळं धुवायची, कोरडी करायची, वजनाच्या निम्मी साखर घालायची, फळांवर बोटभर येईल एवढी कडक दारू ओतायची आणि घट्ट झाकून अंधाऱ्या, थंड जागी ठेवायची. जर्मनीत यासाठी खास झाकणाचं मातीचं भांडं असतं, रुमटॉप्फ. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यात स्ट्रॉबेरी, साखर आणि रम पडते. मग चेरी, जर्दाळू, पीच, प्लम, ज्याचा हंगाम येईल त्याचा थर वर चढत जातो. नाताळच्या आधीचा ॲडव्हेंटचा काळ लागला की भांडं वाढायला घेतात. म्हणजे महिनोन्‌महिने ते लोक मधूनमधून झाकण उघडतात, फळ घालतात आणि पुन्हा लावून टाकतात. ही शेवटची पायरी मी घरात वाचून दाखवली, तेव्हा कोणाचाच विश्वास बसला नाही.

दारू आणायला मीच गेले. दुकानदाराने विचारलं, "कोणती देऊ?" मी म्हटलं, "कोणतीही द्या, चवीचं काही नाही. टक्के जास्त हवेत." त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "फळांसाठी हवीय," असं मी सांगितल्यावर तर ती काळजी आणखी वाढली.

टक्क्यांचा हट्ट मात्र खरा होता, आणि त्यावरून घरात पहिली ठिणगी पडली. दिरांचं म्हणणं, "वहिनी, एवढी कडक कशाला? उरलेली वाइन आहे, ती ओता." आता फळ दिसायला घट्ट असलं तरी त्यात शंभरातले पंच्याऐंशी ते नव्वद भाग नुसतं पाणी. साखर पडली की ते पाणी बाहेर येतं आणि थेट दारूत मिसळतं. किलोभर फळं, अर्धा किलो साखर आणि लिटरभर चाळीस टक्क्यांची दारू घेतली, तर शेवटी बरणीत जेमतेम अठरा-एकोणीस टक्के उरतात. साखर आंबवणारं यीस्ट साधारण पंधरा ते अठरा टक्के अल्कोहोलच्या आसपास हात टेकतं. म्हणजे चाळीसवाली दारू काठावर पास होते. रुमटॉप्फवाले चोपन्न टक्क्यांची रम घेतात ती उगाच नाही. बारा टक्क्यांची वाइन ओतली असती तर ती सहावर आली असती, आणि यीस्टने बरणीत असा धुडगूस घातला असता की झाकण छताला शोधावं लागलं असतं. हा सगळा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. दिरांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "मग दोन बाटल्या आणायला हव्या होत्या."

फळं कोरडी करणं हा प्रकार पुस्तकात दोन शब्दांत उरकतात. प्रत्यक्षात एकेक फळ पुसावं लागतं. पाण्याचा थेंब राहिला की तेवढे टक्के उतरले, आणि डाग लागलेलं एकच फळ आत गेलं तरी सगळ्या बरणीला वास लागतो. म्हणून सगळं घर टेबलाभोवती बसवलं. चेरीचा देठ उपटायचा नाही, अर्ध्यावर कात्रीने कापायचा. पीच उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यात टाकायचा, मग साल मोज्यासारखं निघून येतं. प्लमचं साल जाड, म्हणून त्याला टूथपिकने टोचायचं. पिकलेल्या प्लमला टोचलं की आधी साल जरासं आत दबतं, मग बारीक 'टच्' आवाज येतो आणि छिद्राच्या तोंडाशी लाल रसाचा मण्याएवढा थेंब जमतो. पहिल्या पाच-दहा प्लमना हे बघायला गंमत वाटते. त्यानंतर मुलं हळूच नाहीशी झाली, मग दीर, मग नवरा. उरले माझे सासरे, अप्पा. तेही फळांसाठी नव्हे, बाटली टेबलावर होती म्हणून.

जाता जाता दिरांनी जर्दाळूची एक बी फोडून ठेवली होती. आत बदामासारखा गर, वासही बदामाचा. "हेही टाका, सुगंध येईल." सुगंध येतो हे खरं, पण त्या गरात ॲमिग्डलिन असतं आणि ते फुटलं की बदामाच्या वासाबरोबर सायनाइडही तयार होतं. अख्खी चेरी बीसकट मुरवतात, त्याला हरकत नाही. बिया फोडून घालायच्या नाहीत. हे मी सांगितल्यापासून अप्पा दिरांनी पुढे केलेला चहासुद्धा आधी हुंगून पाहतात.

बरणी भरली, साखर घातली, दारू ओतली, झाकण लावलं. आता नुसतं ठेवून द्यायचं. खरा छळ इथून सुरू झाला.

कारण फळं ठेवल्या जागी राहत नाहीत. पहिल्या दिवशी प्लम गुपचूप तळाशी बसले. नुसती दारू पाण्याहून हलकी, तिच्यात ते बुडणारच. साखर विरघळायला लागली तसा रस जड झाला आणि एकेक प्लम लिफ्टमधून आल्यासारखा वर येऊन काठाशी उभा राहिला. स्ट्रॉबेरींच्या अंगात मुळातच हवा, त्या तर तळाशी गेल्याच नव्हत्या. जे फळ वर तरंगतं त्याचं डोकं उघडं पडतं, उघडं डोकं हवेने काळवंडतं आणि तिथेच बुरशी धरते. म्हणून वरून छोटी बशी ठेवायची. बशी तिरकी झाली की एका बाजूने चेरी सटकून वर येतात. त्या ढकलल्या की दुसऱ्या बाजूने स्ट्रॉबेरी. अप्पा रिटायर झाल्यापासून कामाच्या शोधात होते, त्यांनी ही ड्यूटी आपण होऊन पत्करली. सकाळ-संध्याकाळ चमच्याने फळं बुडवायची. चमचा ओला झाला की तो चाटून पुसायचा, हे त्यांनी मनानेच वाढवलं.

बरणी कुठे ठेवायची हाही वादच. काउंटरवर ती फार सुरेख दिसते आणि प्रत्येक पाहुणा विचारतो, पण उजेडात रंग उडतो. कपाटात बॅगांच्या मागे ठेवली तर दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या वस्तूंबद्दल आमच्या घरात जास्तच चौकशी होते. "झालं का गं?" हा प्रश्न मला उठता-बसता ऐकू येऊ लागला. स्ट्रॉबेरी तर दिवसेंदिवस पांढऱ्याफटक पडत चालल्या. त्यांचा सगळा लाल रंग दारूने ओढून घेतला होता. त्या बघून नवरा हळहळला, "आजारी दिसतात." हा माणूस मला ताप आल्यावर आधी थर्मामीटर शोधतो, चेहऱ्याकडे बघत नाही.

नवऱ्याला नियमांची आवड. त्याने कुठूनसं शोधून काढलं, की जपानमध्ये घरी फळं मुरवायला 1962मध्ये कायद्याने मुभा मिळाली. मात्र दारू किमान वीस टक्क्यांची हवी आणि द्राक्षं घालायची नाहीत, कारण ती आंबून दारूच तयार होईल. तिथे हिरवे, कच्चे उमे, म्हणजे जर्दाळूच्या जातीची आंबट फळं, पस्तीस टक्क्यांच्या दारूत घालतात आणि साखर घेतात ती खड्यांची. खडा सावकाश विरघळतो, म्हणून फळातला रस सावकाश निघतो आणि साल एकदम आक्रसत नाही. ही मुरलेली दारू म्हणजे उमेशू. ती निदान तीन महिने ठेवायची, वर्षभर ठेवली तर उत्तम. हे वर्षभराचं वाक्य त्याने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. अप्पा जेवता जेवता थांबले. "वर्ष? माझं वय काय, तू बोलतोस काय!"

त्याच आठवड्यात मी बरणीवर पेनाने रेघ मारली. रेघ आणि रस यांच्यात लवकरच बोटभर अंतर पडलं. घरातली सगळी बुद्धिमत्ता कामाला लागली. अप्पा म्हणाले, "फळं पितात." पण फळ जेवढं पितं त्याहून जास्त पाणी सुरुवातीला बाहेर टाकतं, पातळी हललीच तर थोडी वर जाईल. दीर जरा शिकलेले. ते म्हणाले, "वहिनी, याला देवदूतांचा वाटा म्हणतात. व्हिस्कीच्या पिंपातून दरसाल दोन टक्के उडून जाते." जाते ना. ते पिंप लाकडाचं असतं. आमची बरणी काचेची, वर रबराची रिंग आणि तारेची कडी. देवदूत कडी उघडून, चमचा घेऊन, बशी बाजूला करून पीत असतील, आणि जाताना चमचा धुऊन उलटा ठेवत असतील, तर गोष्ट वेगळी. उलटा चमचा ठेवायची सवय घरात एकालाच आहे. नाव घेत नाही, पण मी त्यांना वाकून नमस्कार करते.

मग आत्या राहायला आल्या. म्हणजे नवऱ्याची आत्या, अप्पांची थोरली बहीण. दारूचं नाव काढलं तरी पदर नाकाला लावणाऱ्या. त्यांनी बरणी पाहिली, चौकशी केली आणि म्हणाल्या, "दारू ती तुमची तुम्हाला लखलाभ. मला आपलं नुसतं फळ दे दोन." मी समजावलं, की आत्या, एव्हाना फळातलं पाणी बाहेर आणि दारू आत गेलीय, रसात जेवढे टक्के तेवढेच फळात, चावायचे एवढाच फरक. "फळ ते फळ," त्या म्हणाल्या. दोनावर थांबल्याही नाहीत. थोड्या वेळाने त्यांचे कान लाल झाले, आणि अप्पांचं लग्न आधी कोणाशी ठरत होतं, ते कोणी मोडलं आणि त्यात सासूबाईंच्या माहेरच्यांचा हात किती, याचा साग्रसंगीत वृत्तांत त्यांनी सासूबाईंच्या समोर सादर केला. सासूबाई शांतपणे उठल्या, वाटी घेतली आणि स्वतःसाठी चार चेरी काढल्या. त्या रात्रीपासून बरणी कुलपात गेली. मुलांच्या हाती लागू नये हे अधिकृत कारण.

शेवटी ठरलेला दिवस आला तेव्हा घरात पाहुणे जमले होते. किल्ली माझ्याकडे, त्यामुळे त्या संध्याकाळपुरता माझा मान मोठा होता. खरं सांगायचं तर रस अप्रतिम झाला होता. आधी चेरी, मग जर्दाळूची किंचित आंबट छटा, आणि घशाखाली उतरल्यावर कुठूनसा बिनफोडलेल्या बियांचा बदामी वास. कडकपणा जिभेला नव्हे, एकदम गुडघ्यांना कळणारा. लहान ग्लास काढले होते, म्हणून लोकांनी ते पुन्हा पुन्हा भरले. तासाभरात बरणीतला रस संपला.

फळं तशीच. पांढऱ्या स्ट्रॉबेरी, सुरकुतलेले प्लम, देठ वर करून पडलेल्या चेरी. आइस्क्रीमवर घाला, केकमध्ये घाला, असं मी सुचवून पाहिलं. पाहुण्यांनी एकेक चमचा तोंडात टाकला, छान छान म्हटलं आणि वाट्या बाजूला सारल्या. आत्या मात्र स्वतःची वाटी घेऊन पुढे सरकल्या, तेव्हा सासूबाईंनी बरणीवर झाकण ठेवलं.

"वाया कशाला घालवायची एवढी चांगली फळं," अप्पा काळजीच्या सुरात म्हणाले. "सूनबाई, वरून एक बाटली ओत. काही करावं लागत नाही, नुसतं..."

किल्ली मी सासूबाईंच्या हातात दिली.