"कोलेस्टेरॉल हा घोटाळा आहे" या मेसेजला माझं उत्तर

काही महिने आमच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. अमेरिकेने चूक मान्य केली, कोलेस्टेरॉलने हार्ट अटॅक येत नाही, टेस्ट म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या (स्टॅटिन) फेका आणि बिनधास्त तूप खा. मी १४ वर्षं लॅबमध्ये काम करते, म्हणजे मेसेजच्या हिशोबाने मी पण त्या धंद्यातलीच, तरी लिहितेय, कारण मागच्या आठवड्यात बायपास झालेले एक काका सॅम्पल द्यायला आले आणि म्हणाले, "ताई, दोन महिने झाले गोळी सोडून, आता कळलंय ना की त्याचा काही संबंध नाही." त्यांचा एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात तो, आला १४८, आधीचा रिपोर्ट होता ६४. माझ्या पोटात गोळाच आला.

तर पहिला मुद्दा, अमेरिका. २०१५ ला तिथल्या आहार समितीने काढून टाकली ती जेवणातल्या कोलेस्टेरॉलवरची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा, म्हणजे साधारण अंड्यातल्या बलकाची गोष्ट. रक्तातलं कोलेस्टेरॉल बरंचसं आपलं लिव्हरच बनवतं, त्यामुळे ताटातलं वेगळं आणि रिपोर्टमधलं वेगळं. रिपोर्टमधलं निरुपद्रवी आहे असं कोणीही म्हटलेलं नाही. उलट त्याच समितीने सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप, लोणी, डालडा यात असतं ते, एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा हे कायम ठेवलं. मेसेजने एवढंच नेमकं गाळलं.

दुसरा, "अटॅक आलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं." आकडा खरा आहे, २००९ च्या अमेरिकन अभ्यासातला, आणि म्हणूनच तो पटतो. पण त्यातले काही जण आधीच गोळ्यांवर होते, शिवाय अटॅकनंतर एक-दोन दिवसात एलडीएल आपोआप खाली येतो. आणि मुळात नॉर्मल कोणासाठी? कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्ये धोका कमी असलेल्यांना १०० च्या आत, धोका जास्त असेल तर ७० आणि ज्यांना अटॅक किंवा बायपास होऊन गेलाय त्यांना ५५ च्या आत असं आहे. म्हणजे ९८ हा एकच आकडा तिशीतल्या, तंबाखू न खाणाऱ्या, बीपी-शुगर नसलेल्या मुलीला ठीक आणि या काकांना अजिबात ठीक नाही. रिपोर्टवर ठळक अक्षरात आलं नाही म्हणून सुटलो असं नसतं हो, आकडा माणसाबरोबर वाचायचा असतो.

तिसरा, "नुसता योगायोग आहे, कारण सिद्धच झालं नाही." हा मला सगळ्यात जास्त लागतो. काही मुलं जन्मतःच अशी असतात की लिव्हरवर एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर जवळजवळ नसतातच, रक्तात एलडीएल साचत राहतो, आणि त्यांना शाळकरी वयात अटॅक येऊ शकतो. ना सिगरेट, ना टेन्शन, ना शुगर. याच रिसेप्टरच्या शोधाबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ चं नोबेल मिळालं. उलटं उदाहरण पण आहे, पीसीएसके९ नावाच्या जीनमध्ये बिघाड असलेल्या काही आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा एलडीएल जन्मापासून सुमारे २८ टक्के कमी होता आणि त्यांच्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार ८८ टक्के कमी निघाला, २००६ ला छापून आलंय. ती देणगी जन्माची, कुठल्या कंपनीने विकलेली नाही.

मेसेजमधलं "मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं" हे खरं, पण मेंदू आपलं आपण बनवतो, रक्तातला एलडीएल तिथे पोचतच नाही. संपला तो मुद्दा.

"त्रास नाही तर टेस्ट कशाला?" सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरागरा फिरवणाऱ्या मशीनमधून, ट्यूब काढल्यावर मला रोज दिसतं ते सांगते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, खूप वाढलं की सीरम, म्हणजे वर राहिलेलं रक्ताचं पाणी, ताकासारखं पांढरट दिसतं, कोणीही ओळखेल. पण एलडीएल २०० असला तरी सीरम पिवळसर, स्वच्छ, आरपार. ट्यूब हातात धरून मला कळत नाही, तर तुम्हाला छातीत काय कळणार? मोजल्याशिवाय मार्ग नाही.

आणि गोळीचे साइड इफेक्ट. आहेत, काहींचे स्नायू दुखतात, काहींची शुगर थोडी वाढते, ते लपवायचं कारण नाही. पण २०२० मध्ये, त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना चार महिने खरी गोळी, चार महिने खोटी (औषध नसलेली) आणि चार महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं, तर खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीवर पण झाला. दुखणं खरंच होतं, पण बरंचसं गोळीतल्या औषधामुळे नव्हतं. आणि खरंच सोसत नसेल तर डोस कमी करता येतो, दुसरी गोळी आहे, स्टॅटिन नसलेली औषधं पण आहेत, फक्त हे डॉक्टरला विचारून करायचं, मेसेज वाचून नाही.

काकांना दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून ६४ आणि १४८ ला पेनाने गोल करून दिला. बराच वेळ बघत बसले, मग तिथूनच मुलाला फोन लावला आणि डॉक्टरांची गुरुवारची अपॉइंटमेंट घ्यायला सांगितली.