आठ लाइनींचा फोन घ्या, पण लाइनी मोजू नका

घरात एकाहून जास्त फोन लाइनी घ्यायचं ठरवलंत? अभिनंदन. आता एकच पथ्य पाळा: खरेदीआधी कागद-पेन्सिल घेऊन बसू नका. एका वेळी किती जण बाहेर बोलणार, किती खोल्यांत फोन हवेत, असले हिशोब काढले की खरेदीची सगळी मजा जाते. खोक्यावर ठसठशीत ‘८ लाइन’ छापलेलं असतं. ते वाचा, खूश व्हा, पैसे द्या.

ते ८ म्हणजे बहुतेकदा आठ एक्स्टेंशन, म्हणजे घरातले आतले फोन. खोकं उलटं करून मागची सॉकेटं पाहिलीत तर बाहेरची लाइन आत घेणारी जागा एखादीच सापडेल, नशीब जोरावर असेल तर तीन. म्हणजे आठ खोल्यांतले आठ जण एकमेकांना रिंग करणार, आणि एकाचं बाहेरचं बोलणं सुरू झालं की उरलेले सात त्याच्या तोंडाकडे बघत बसणार. बऱ्याच ईपीएबीएक्सच्या, म्हणजे घरातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, नावातच उत्तर असतं: ‘३०८’ म्हणजे बाहेरच्या लाइनी तीन, आतले फोन आठ. पण इतकं माहीत असलेलं गिऱ्हाईक कोणाला आवडतं?

कॉर्डलेसच्या बेससोबत सहा हँडसेट आले की लाइनी सहा झाल्या असं समजा. बेसमध्ये जाणारी तार एकच आहे, तिकडे दुर्लक्ष करा.

दोन लाइनींच्या फोनसोबत चार तारांची कॉर्ड येते. ती कपाटात जपून ठेवा आणि जुन्या फोनची दोन तारांची कॉर्ड लावा, लांबीला बरी असते. प्लगमधल्या मधल्या दोन तारा पहिल्या लाइनच्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या दोन दुसऱ्या लाइनच्या. या बाजूच्या ताराच नसतील तर दुसरी लाइन कुठून येणार? प्लग पारदर्शक असतो, तारा बाहेरून मोजता येतात. पण मोजायचं नाही असं ठरलंय ना आपलं. सरळ फोन खराब आहे म्हणून परत पाठवा.

घरातली जुनी वायर एका खोलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत गेली असेल तर तिला अजिबात हात लावू नका. ईपीएबीएक्सला प्रत्येक एक्स्टेंशनसाठी खोक्यापासून त्या खोलीपर्यंत तारांची स्वतंत्र जोडी लागते, ही वायरमनने काढलेली अफवा आहे. त्याच वायरवर तीन खोल्या लटकवा. तिन्ही फोन एकदम वाजतील, तिघेही एकमेकांचं बोलणं ऐकतील, घरात मोकळेपणा वाढेल. जुने घंटीचे फोन असतील तर एकाच जोडीवर पाच-सहा लावून बघा. रिंगचा जोर इतका वाटला जाईल की एकही धड वाजणार नाही. आणि दोन लाइनी पीळ नसलेल्या चपट्या वायरमधून लांबवर न्या, म्हणजे पहिल्या लाइनवरचं बोलणं दुसरीवर फुकटात ऐकू येईल.

हंटिंग, म्हणजे पहिली लाइन एंगेज असली की कॉल आपोआप दुसरीवर नेणारी सोय, मागू नका. पहिला नंबर एंगेज मिळू दे, दुसरी लाइन रिकामी पडू दे, भाडं दोन्हींचं भरा.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. समोरच्याने फोन ठेवला हे या यंत्राला कळतं का, असं विकणाऱ्याला चुकूनही विचारू नका. घरात कोणी बोलत असेल तर प्रश्न येत नाही. त्याने रिसीव्हर ठेवला की लाइन सुटते. पण कॉल व्हॉइसमेलवर गेलाय, होल्डवर आहे किंवा दुसऱ्या लाइनवरून बाहेर वळवलाय, तेव्हा ठेवायला आत माणूसच नसतो. मग यंत्राला मुख्य मार्ग दोन. एक्स्चेंजने लाइनचा प्रवाह क्षणभर तोडून किंवा तिची पोलॅरिटी उलटवून इशारा द्यायचा, नाहीतर समोरच्याने फोन ठेवल्यावर लाइनवर येणारा एंगेज टोन यंत्राने ऐकून ओळखायचा. हा टोन सगळीकडे सारखा नसतो. त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी, किती वेळ वाजतो आणि किती वेळ थांबतो तेही वेगळं. कारखान्यातून भलत्याच टोनवर सेट होऊन आलेलं यंत्र तुमच्या एंगेज टोनला माणसाचं बोलणं समजतं आणि निष्ठेने रेकॉर्ड करत बसतं. लाइन अडकली! बाहेरच्याला नंबर एंगेज, आत कोणीही बोलत नाही. आणि मग तो खेळ सुरू होतो, जो गेल्याच आठवड्यात मनसोक्त भोगून झालाय. विकणारा म्हणतो लाइनमध्ये फॉल्ट आहे. लाइनवाले म्हणतात, आमच्या बाजूने ओके दाखवतंय. बसवणारा म्हणतो, बंद करून चालू करा. चालू केल्यावर लाइन सुटतेच, कारण वीज गेली की यंत्राची लाइनवरची पकड जाते. हा त्याला दुरुस्ती म्हणतो आणि तिचे पैसे मागतो! अरे बाबा, प्रोग्रामिंगमध्ये एंगेज टोनची सेटिंग असते. तुझ्याच मॅन्युअलमध्ये असते. टोन रेकॉर्ड कर, चालू-बंदचे वेळ मोज, आकडे भर. तेवढं येत नसेल तर ही यंत्रं बसवायला निघतोस कशाला?

असो. इंटरनेटवरून लाइन घेणार असाल तर अडॅप्टरच्या सॉकेटांवरची एफएक्सएस आणि एफएक्सओ ही अक्षरं वाचू नका. पहिलं सॉकेट डायल टोन देतं, दुसरं घेतं. एफएक्सएसमध्ये एक्स्चेंजची चालू लाइन खुपसा, ४८ व्होल्ट आणि वर रिंगचे ९०-एक व्होल्ट गेल्यावर ते फार दिवस त्रास देणार नाही. आवाज एकाच बाजूने येत असेल तर नवा फोन विकत घ्या. राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे इंटरनेट कॉलमध्ये लुडबुड करणारी सेटिंग, बंद करून बघणं फुकट पडतं, त्यात शान नाही.

वीज गेल्यावर बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये पहिली लाइन एका ठरावीक एक्स्टेंशनला थेट जोडली जाते. तिथे आठवणीने कॉर्डलेस लावा. घर अंधारात असताना बेसही बंद हवा.

आता पुरे झाला उपरोध, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. तुमच्या यंत्रात बाहेर फोन लावायला आधी ० किंवा ९ दाबावा लागतो. घरी आलेल्या पाहुण्याला ते माहीत नाही. रात्री कोणी कोसळलं आणि त्याने आणीबाणीचा नंबर लावला तर तो बाहेर जाणार आहे का? बघितलंय कधी? बघितलेलं नाही, कारण बसवणारा सांगत नाही आणि तुम्ही विचारत नाही. तो नंबर आधीचा ० किंवा ९ न दाबताही थेट जाईल असं प्रोग्रामिंग करून घ्या. यंत्राचा पासवर्ड अजून १२३४ असेल तर आज बदला. बाहेरून फोन करणाऱ्याला तुमच्या लाइनवरून पुढे कॉल करू देणारी सोय चालू राहिली असेल तर परदेशी कॉलचं बिल तुम्हीच भरणार आहात. प्रोग्रामिंगची यादी लिहून घ्या, यंत्राच्या झाकणाच्या आत चिकटवा. आणि बसवणाऱ्याला दारातून सोडण्याआधी त्याच्यासमोर बाहेरून व्हॉइसमेलवर फोन करा, मध्येच कट करा आणि लाइन सुटते का बघा. सुटली नाही तर त्याला पैसे देऊ नका.