फिल्टरच्या खोक्यावरचे लिटर

माशांच्या टाकीचा फिल्टर घ्यायला गेलं की खोक्यावर छापलेलं असतं, ‘३०० लिटरपर्यंतच्या टाकीसाठी योग्य.’ कुठल्या टाकीसाठी रे बाबा? आत दहा-पंधरा चिमुकले निऑन टेट्रा मासे असलेल्या? आमच्याकडे सिक्लिड मासे आहेत. दगड ढकलणारे, वाळू उपसणारे, खाताना अर्धं तोंडातून सांडणारे आणि उरलेल्या अर्ध्याची दोन तासांत घाण करणारे. त्यांच्यासाठी फिल्टर निवडायला बसलं की खोक्यावर सगळं काही असतं, फक्त जे कळायला हवं तेवढं नसतं.

आधी तो प्रवाहाचा आकडा. ताशी १००० लिटर! तो बहुतेक वेळा रिकाम्या फिल्टरवर मोजलेला असतो. आत ना स्पंज, ना सिरॅमिक रिंगा. त्यात स्पंज-रिंगांचा हा मीडिया भरा, नळ्या जोडा, महिनाभर घाण साचू द्या आणि मग दहा लिटरची बादली नि घड्याळ घेऊन बसा. बादली भरायला एक मिनिट लागलं, तर झाले ताशी ६०० लिटर. बाकीचे ४०० खोक्यावरच राहिले. आणि वर जो तो उठून सांगतो, सिक्लिडना तासाला टाकीच्या दहापट पाणी फिरलं पाहिजे. दहापट म्हणजे खोक्यावरचं की बादलीतलं, हे विचारलं की सगळे गप्प.

बरं, नुसतं पाणी गरगर फिरवून होणार काय? मासे अमोनिया टाकतात तो बराचसा कल्ल्यांतून. तो पाण्यात विरघळलेला असतो, स्पंजात अडकत नाही. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. त्या जिवाणूंना चिकटून राहायला जागा लागते आणि भरपूर ऑक्सिजन लागतो. म्हणजे फिल्टर घेताना पहिला प्रश्न हाच की आत मीडिया किती लिटर मावतो. तेवढं सोडून सगळं ठळक अक्षरांत! मीडियाचा आकडा असलाच तर मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांसारखा.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड पाळणाऱ्यांची तर थट्टाच चालवलीय. त्यांना अल्कधर्मी, म्हणजे जास्त पीएचचं पाणी लागतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८.५ झाला की तोच वाटा १५ टक्क्यांच्या आसपास जातो. एवढा फरक! मग शांत, किंचित आम्लधर्मी पाण्यातल्या माशांना आणि एम्बुनांच्या, म्हणजे मलावीच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांच्या, गर्दीला एकच फिल्टर ‘योग्य’ कसा काय ठरतो? टाकीचे लिटर सारखे म्हणून?

आणि कार्ट्रिज. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला माझा साष्टांग नमस्कार. प्लास्टिकच्या चौकटीवर ताणलेला निळा-पांढरा कापूस, आत चिमूटभर कार्बन, आणि सूचना काय, तर दर महिन्याला काढून फेका, नवीन घाला. अहो, टाकी सायकल व्हायला, म्हणजे हे जिवाणू पुरेसे वाढायला, चार-सहा आठवडे जातात! त्या कापसावर महिनाभर वाढलेले जिवाणू कचऱ्यात टाकायचे आणि मग पाणी गढुळलं की बाटलीतले जिवाणू विकत घ्यायचे. झकास धंदा. कार्बन तर काही आठवड्यांत भरून जातो, रोजच्या वापराला तो लागतही नाही. जाडसर साधा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून पुन्हा बसवला तर वर्षानुवर्षं चालतो. नळाखाली मात्र नको, त्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. पण हे सांगितलं तर खपणार काय?

काही महाभाग अजून सिक्लिडच्या टाकीला खडीखालची प्लेट, म्हणजे खडीतूनच पाणी गाळणारा फिल्टर, सुचवतात. मासा एका रात्रीत खड्डा खणून प्लेट उघडी पाडतो, पाणी तिथूनच आत घुसतं आणि बाकीची खडी नुसती पडून राहते. वाळूचं तेच. तळाशी लावलेली पाणी ओढणारी नळी वाळू खेचते, ती इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्यात, जाते आणि रात्री सगळं सामसूम झालं की करकर, करकर. ती नळी वाळूपासून चांगली वर ठेवा, तोंडावर स्पंज चढवा, ही एक ओळ माहितीपत्रकात छापायला शाई संपली होती का?

‘पाणी बदलायची कटकट नाही’ असं छापणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. नायट्रेट कोण काढणार, त्यांचा काका? बदला मुकाट्याने दर आठवड्याला पाणी.

परवा आमच्या कॅनिस्टरच्या, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डबा-फिल्टरच्या, झाकणाची क्लिप तुटली. बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा. सुटा मिळत नाही, अख्खं झाकण घ्या म्हणाले. झाकण मागितलं तर ते मॉडेलच बंद! इकडे बंद डब्यातलं पाणी तासन्‌तास थांबलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू गुदमरायला लागतात, त्यांना काय तुमच्या मॉडेलचं? नशीब, आत रिंगा सुट्या होत्या. तशाच ओल्या उचलून टाकीतल्या दुसऱ्या फिल्टरमध्ये कोंबल्या. कार्ट्रिजवाला असता तर तेही जमलं नसतं.