बॅरन बेटाच्या ज्वालामुखीने २००४ ची त्सुनामी आणली नव्हती

सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो ज्वालामुखीचा मेसेज शेवटी गुहागरच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि ती रात्री फोन करून विचारतेय, समुद्राजवळचं घर सोडून चिपळूणला जाऊ का. म्हणून लिहितोय. मेसेज म्हणतो की अंदमानातल्या बॅरन बेटाच्या ज्वालामुखीने २००४ ची त्सुनामी आणली, आता पुढची लाट कोकणात येणार, त्या बेटावर एकही जीव नाही, आणि तरी टूरवाले थेट विवरापर्यंत नेतात.

त्सुनामीचं आधी. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तळ उचलला गेला, वरचं पाणी ढकललं गेलं, त्सुनामी आली ती त्याने. बॅरनचा उद्रेक सुरू झाला मे २००५ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांनंतर! भूकंपाच्या हादऱ्याने खालचा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, ढवळला असेल असं काही अभ्यासकांना वाटतं, तेवढा संबंध मान्य करतो, पण मग भूकंप आधी आणि ज्वालामुखी नंतर, मेसेजच्या बरोबर उलटं. आणि एवढ्या प्रचंड भूकंपाची लाटसुद्धा कोकणात घरं पाडू शकली नाही, मधे अख्खा भारत आडवा आहे.

हा ज्वालामुखी फुटतो तरी कसा? २३ जानेवारी २०१७ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक शास्त्रज्ञ अभय मुधोळकरांबरोबर तिथेच समुद्रतळाचे नमुने गोळा करत होते आणि अचानक राख उडायला लागली. ते साधारण मैलभर लांब सरकले आणि बघत बसले, पाच-दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक, दिवसा नुसती राख, अंधार पडल्यावर लाल लाव्हाचे फवारे आणि उतारावरून वाहणारे ओघळ. जहाज सुखरूप राहिलं, त्सुनामी वगैरे काहीही नाही. २६ तारखेला संस्थेचे लोक पुन्हा तिथे गेले तेव्हाही उद्रेक चालूच होते.

जीव नाही हेही खोटं. ताज्या लाव्हावर काही उगवत नाही हे खरं, पण कडेच्या जुन्या उतारांवर झाडी आहे, वटवाघळं, उंदीर, पक्षी आणि माणसांनी पूर्वी सोडलेल्या शेळ्यांचे वंशज तिथे जगतायत. मेसेजमध्ये टाकलेला धनेश पक्षी मात्र इथला नाहीच, तो नारकोंडमचा, ते उत्तरेला सव्वाशे किलोमीटरच्या पुढचं वेगळं ज्वालामुखी बेट आहे आणि धनेशाची ही जात जगात फक्त तिथेच सापडते.

टूरचं म्हणाल तर तिथे जायला वनखात्याची परवानगी लागते आणि पर्यटकांनी बेट बोटीतूनच बघायचं असतं. विवरापर्यंत नेतो म्हणून कोणी ऍडव्हान्स मागितला तर एक रुपया देऊ नका.