ऑफ म्हणू की आउट म्हणू

बास झालं राव हे इंग्रजीतल्या फ्रेझल व्हर्बचं, म्हणजे क्रियापदाला ऑफ, आउट असलं शेपूट लावलं की अर्थच बदलतो ते. टेन्स पाठ केले, आर्टिकल कसेबसे जमवले, पण बोलता बोलता ‘पुट’ तोंडातून सुटलं की पुढे काय लावायचं तेच सुचत नाही, ऑफ, आउट, ऑन, अप सगळे घशात रांग लावून उभे आणि समोरचा आपल्या तोंडाकडे बघत बसलेला.

परवाचंच घ्या. मीटिंग आठवडाभर पुढे ढकलायची होती, म्हणजे ‘पुट ऑफ’. मी ऐटीत सांगून बसलो, ‘मीटिंग इज कॉल्ड ऑफ’. म्हणजे रद्दच! समोरच्याने तिथल्या तिथे कॅलेंडरमधून उडवली आणि मग मी, नाही नाही, आहे आहे, फक्त नंतर आहे. शेपूट दोन्हीकडे ऑफच, पण एकीकडे मीटिंग जिवंत आणि एकीकडे मेलेली. बरं, मराठीतलं ‘पुढे’ धरून फॉरवर्ड म्हणावं तर अजूनच घोळ, कारण ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणायची, आणि आपण जी पुढे ढकलतो ती इंग्रजीत ‘पुश बॅक’, म्हणजे मागे!!

लाइट ‘गोज ऑफ’ म्हणजे बंद, अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे बोंबलायला लागला, दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासलं. फॉर्म मात्र फिल इन करा नाहीतर फिल आउट करा, आत काय नि बाहेर काय, सगळं सारखंच. आणि ते ‘इट’! ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं, पण ‘टर्न ऑफ इट’ नाही चालत, ‘टर्न इट ऑफ’च पाहिजे. बरं म्हणून हाच नियम लावून ‘लुक इट आफ्टर’ म्हणालो तर लोक हसले.

वर शहाणे सांगणार, अरे कॉन्टेक्स्टवरून कळतं. वाचताना कळतं रे बाबा, बोलताना तो कॉन्टेक्स्ट मलाच बनवायचा असतो ना!

हो, माहितीये, आपल्याकडे पण ‘करून टाक’, ‘करून ठेव’, ‘करून बसला’ आहेच, शिकणाऱ्याचा जीव तिथेही जात असणार. पण ते मला येतं, त्यामुळे त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता सरळ पोस्टपोन आणि कॅन्सल म्हणतो. ऑफिसातला एकजण म्हणाला फार फॉर्मल वाटतं. वाटू दे.